मिस्त्री मामा, तुमची पट्टी अजून माझ्याकडंच आहे

मामा, नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप बघता पण नातवाचे फोटो सोडून काही उघडत नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, नातूच वाचून दाखवेल. रिटायर झालासा त्या दिवशी हार, नारळ, फोटो सगळं झालं, मला बोलायचं होतं ते तेवढं राहून गेलं. माइक हातात आला की माझी जीभ टाळूला चिकटते हे तुम्हाला माहीतच आहे.

तो पंप हाउसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) जॉब आठवतोय न्हवं? माझा पहिलाच. नुकताच प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स करून कोल्हापूरजवळ शिरोलीला आपल्या फौंड्रीत (वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवायचा कारखाना) जॉइन झालेलो, लॅपटॉपवर रंगीत गँट चार्ट (कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार ते पट्ट्यांत दाखवणारा तक्ता), आणि कस्टमरनं फोनवर विचारलं सॅम्पल कधी, तर मी तिथल्या तिथं 6 आठवडे सांगून मोकळा. पॅटर्न शॉपला (जिथं साचा पाडायला भागाचा नमुना बनतो) विचारलं नाही, कोअर शॉपला (जिथं आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनतो) नाही. तुम्हाला चार दिवसांनी कळलं, ते पण डिस्पॅचच्या पोराकडनं.

तुम्ही ओरडला नाही. टपरीवर नेलं, चहा सांगितला आणि खिशातनं ती कॉन्ट्रॅक्शनची पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. दिसायला साधी फूटपट्टी, पण तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा. "ही कशाला लागतीया?" मी पाठ केलेलं सांगितलं, कास्ट आयर्न थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. "मग तारखंला आकस का धरला न्हाईस रं?"

मला काय बोलावं सुचेना. पॅटर्न, कोअर बॉक्स (त्या वाळूच्या गाभ्याचा साचा), ट्रायल, फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई), मशीनिंग सगळं मी 6 आठवड्यांत कोंबलेलं, एकही ट्रायल फेल होणार नाही असं धरून. फौंड्रीत पहिली ट्रायल पास होते का कधी? चार्टमध्ये होते. आणि वर तुम्ही विचारलंसा, "जुलैला निम्मी मोल्डिंगची पोरं शाहूवाडी-पन्हाळ्याला भाताच्या लागणीला जात्यात, ते ह्या रंगांत कुठं हाय?" कुठंच नव्हतं. चार्ट वाईट नसतो हो, मी आजही काढतो, पण मी तो एसीत बसून एकट्यानं काढलेला.

पुढचं तर सांगायची लाज वाटते पण सांगतो, नवीन पोरांना उपयोग होईल. कस्टमरच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं बॉसची जागा 5 मिलिमीटर सरकवा (बॉस म्हणजे मालक नव्हे, कास्टिंगवरचा, म्हणजे ओतलेल्या भागावरचा, भोकासाठीचा उंचवटा, फौंड्रीबाहेरचे लोक हसतात म्हणून सांगितलं), मी हो हो म्हटलं आणि मशीनशॉपच्या ग्रुपवर टाकून दिलं, त्या ग्रुपवर पॅटर्न शॉपचं कोणीच नव्हतं. त्यांनी फिक्स्चर (मशीनवर भाग पकडायची चौकट) बदललं, कास्टिंग आलं जुन्याच पॅटर्नचं, ड्रिल मारला तर भोक बॉसच्या कडेला फोडून बाहेर, 12 च्या 12 सॅम्पल भंगारात. आणि मी एक्सेलमध्ये तीन आठवडे "90 टक्के पूर्ण" लिहित होतो! तुम्ही म्हणालासा, "नव्वद टक्के काय असतंय? साचा बसतोय का न्हाई बसत, एवढं सांग."

मग घाबरून मी दुसऱ्या लाइनची दोन पोरं तुमच्या हाताखाली दिली, वाटलं काम दुप्पट पळेल. दोन दिवस तुम्ही त्यांना ड्रॉइंग समजावण्यातच घालवलासा, काम होतं तिथंच. नंतर वाचताना कळलं की फ्रेड ब्रूक्स नावाच्या माणसानं आयबीएममधलं मोठं सॉफ्टवेअरचं काम सांभाळल्यावर 1975 मध्ये हेच लिहून ठेवलंय, उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. हिशोब पण सोपा आहे, 4 माणसांत बोलणाऱ्या जोड्या 6, 9 माणसं केली की 36. तुम्ही ब्रूक्स वाचला नव्हता, तुम्ही फक्त म्हणालासा, "सैपाकाला सुना वाढवल्या की भाकरी लवकर भाजत न्हाई, चूल एकच हाय."

पण मामा, ज्यासाठी खरं हे पत्र लिहितोय ते वेगळंच आहे. दुसऱ्या ट्रायलला ब्लोहोल (अडकलेल्या गॅसनं पडलेली भोकं) आले तेव्हा. कोअर शॉपच्या पोरानं दोन दिवस आधीच बघितलेलं की कोअरच्या व्हेंट (गॅस बाहेर जायच्या वाटा) नीट पडत नाहीत, गॅस अडकणार. त्यानं मला सांगितलं नाही. का, तर सोमवारच्या मीटिंगला मी त्याच्याच जोडीदाराला सगळ्यांसमोर झाडलेला. हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला एवढंच विचारलंसा, "पंचगंगेची इशारा पातळी किती?" कोल्हापुरात हे शाळेतल्या पोराला पण येतं, राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा, 43 फूट धोका. "39 चा आकडा आला की चिखलीची माणसं जनावरं हलवायला लागत्यात. आता तो आकडा सांगणाऱ्यावरच कुणी खेकसायला लागलं तर? तुला डायरेक्ट 43 लाच कळणार की."

2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडलेला, ट्रकच्या रांगा मी डोळ्यांनी बघितलेल्या, तरी हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी त्या पोराची माफी मागितली, सगळ्यांसमोरच, कारण झाडलेलं पण सगळ्यांसमोर. जॉब शेवटी 11 आठवड्यांनी गेला. कस्टमरला फोन करून खरं काय ते सांगितलं, तो चिडला, पण पुढची ऑर्डर दिली.

आता सकाळी 10 मिनिटं उभ्या उभ्याच बोलतो, पहिला प्रश्न "काय अडालंय?", किती झालं ते नंतर. ड्रॉइंग बदललं की रिव्हिजन नंबर टाकून प्रिंट पॅटर्न शॉपला आधी जाते, जुनी मी स्वतः फाडतो. एका कामाला एकच नाव. तारीख विचारली की मी म्हणतो उद्या सांगतो, आणि आत जाऊन विचारून येतो. अजून चुकतो, मागच्याच महिन्यात एकावर आवाज चढला, मग चहा पाजला. गेल्या आठवड्यात कोअर शॉपचा तोच पोरगा आपणहून केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "साहेब, 39 झालंय." कोअर बॉक्स झिजलेला. वेळेत कळलं.

रविवारी येतो घरी, काकूंना सांगा तांबडा जरा बेतानंच. पट्टी मात्र आणणार नाही.

तुमचाच,
एसीतला इंजिनिअर