माळ्यावरचा तारपा

नाशिक, १५ फेब्रुवारी २०२६

ती. आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. बाबांना हल्ली पलीकडचं अर्धंच ऐकू येतं, आणि मला तर यातला शब्दन्‌शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला हवा आहे. म्हणून लिहायला बसले. आई, तू वाचून दाखव. घाई करू नकोस.

आधी एक कबुली. दिवाळीला आले होते तेव्हा माळ्यावरचं ते भोपळ्याचं फुंकवाद्य, आपला तारपा, मी तुम्हाला न विचारता बरोबर आणला. बाबा, भोपळा वरपासून खालपर्यंत तडकलेला, कर्ण्याची ताडाची पानं भुगा झालेली. तुम्ही १९९१ साली जव्हारहून बदलून निघालात तेव्हा शाळेतल्या मुलांनी दिलेला, एवढंच मला ठाऊक होतं. घरात आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी तो वाजवून पाहिला, पण एकाचीही बोटं नीट भोकांवर बसली नाहीत. तारपा अवघडच असतो, असं समजून आम्ही तो ठेवून दिला.

गेल्या आठवड्यात तुमच्या जुन्या शाळेच्या मुलांचा मेळावा होता. मुलं म्हणते, पण सगळी चाळिशी-पन्नाशीतली. त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन तो तीन दिवसांचा ठेवला होता: दिवसा शिकायचं, रात्री नाचायचं. मी त्र्यंबकेश्वर, मोखाडा करत गेले. तेव्हाचा ठाणे जिल्हा आता तिथे राहिला नाही, २०१४ पासून पालघर. पण घाट उतरताना नाकात येणारा वाळल्या गवताचा वास तोच आहे.

पहिल्या दिवशी सकाळी एकाने उभं राहून हजेरी घेतली. हातात कागद नाही, तुमच्या हजेरीपटातली नावं त्याला क्रमाने तोंडपाठ. काही नावांना "हजर" आलं, काहींना कुणीच उत्तर दिलं नाही. तिथे तो थांबायचा, तुम्ही थांबायचात तेवढाच, आणि मग पुढचं नाव. शेवटी म्हणाला, "गुरुजी?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला "हजर" म्हणवेना. म्हटलं, "घरी आहेत, बरे आहेत."

आई, आधी तुझ्या आवडीचं सांगते. एका घराची पडवी चित्रांसाठी दिली होती. शिकवायला एक आजी होत्या, आयुष्यभर वारल्यांच्या लग्नघरांच्या भिंतींवर लग्नाचे चौक लिहिलेल्या. तू सांगायचीस ना, चौक काढत नाहीत, लिहितात; त्याही तेच म्हणाल्या. शहरातून आलेल्या दोघी-तिघींनी कागद आणि तयार पांढरा रंग आणला होता. आजींनी तो बाजूला ठेवायला लावला आणि सगळ्यांना आधी भिंत सारवायला बसवलं. पूर्ण सकाळ शेण-माती आणि गेरूत गेली. मला हे फार पटलं. कागदावरचं चित्र सुंदर असतं, पण ओल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेघ आधी दिसतच नाही. वाळत जाते तशी ती हळूहळू पांढरी होते, आणि आपण काय लिहिलं ते आपल्यालाच मागाहून कळतं. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक दाताने चावून मऊ केलेलं. आजींनी माझी काडी पाहिली, काही न बोलता स्वतःच्या तोंडात घातली, दोनदा चावली आणि परत दिली. त्यानंतर रेघ तुटली नाही.

भिंतीवर आम्ही तारप्याचा नाच लिहिला. मधे तारपकरी, भोवती माणसांचं वेटोळं, दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की एक माणूस. ही वारली चित्रं डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंनी जगभर पोचवली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत मधोमध उभा असतो त्या तारपकऱ्याची पाळी यायला आणखी पंधरा वर्षं लागली. यंदा जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना पद्मश्री जाहीर झाली. मेळाव्यात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच होतं.

आता तारपा.

शिकवणारा तुमचाच विद्यार्थी, बाबा. डोक्यावर दोन भोवरे असलेला, भातकापणीच्या दिवसांत शाळेत न येणारा. तुम्ही त्याला आणायला पाड्यावर गेलात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिलात, हे त्याने सांगितलं. घरी तुम्ही हे कधीच बोलला नाहीत.

आयोजकांपैकी कुणीतरी सुटे भाग तयार आणून ठेवले होते: कोरलेला भोपळा, भोकं पाडलेल्या नळ्या. तासाभरात जोडायचं आणि घरी न्यायचं. त्याने ते सगळं गोणीत परत भरलं. म्हणाला, आधी जीभ करा. दोन्ही नळ्यांच्या आत एकेक बोटभर बारीक बांबू असतो, त्याला लांबीत चीर देऊन एक पातळ पट्टी उचलायची, मुळाशी मात्र जोडलेलीच ठेवायची. तीच जीभ. तिच्या थरथरण्यातून सूर निघतो. जाड राहिली तर मुकी, फार तासली तर फुंकेसरशी चिकटून बसते. तो प्रत्येकाची जीभ तोंडात घालून फुंकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. सूर चढा वाटला तर जिभेच्या टोकाला मोहरीएवढं मेण लावायचा, की लगेच उतरायचा. माझ्या सहा काड्या फुकट गेल्या, सातवी बोलली. लहान वासराच्या हंबरण्यासारखा आवाज होता तो, हातात धरल्याधरल्या बोटांतून हाडांपर्यंत गेला.

दम टिकवणं मात्र मला तीन दिवसांत साधलं नाही. तारप्याचा सूर मधे तुटायचा नाही. गालांत वारा साठवायचा, तो बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. मुलांना तो पाण्याच्या वाटीत पोकळ काडी धरून शिकवत होता, बुडबुडे थांबता कामा नयेत. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दुसऱ्याच दिवशी करायला लागली. तिच्याकडे बघत बसावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी, सगळे पांगल्यावर मी पिशवीतून आपला तारपा काढला. त्याने भोपळा हातात घेतला, कानाशी नेला, तडकलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, हा गेला. मेणाने बुजवला तरी वारा धरणार नाही. मग नळ्या बाहेर काढल्या. जुनं मेण काळं, कोरडं झालेलं. निखाऱ्यावर धरून खरवडलं. नळ्या मात्र धडधाकट होत्या. त्याने स्वतःची बोटं भोकांवर ठेवली, ती बसेनात. तेव्हा तो हसला, आणि त्याने मला जे सांगितलं ते तुम्हाला आठवतंय का ते मला विचारायचं आहे.

तुम्ही वर्गात अपूर्णांक शिकवत होता. त्याला म्हणालात, तारपा घेऊन ये, भोकांमधली अंतरं मोजू. तुम्ही फूटपट्टी लावलीत, त्याने बोटं लावली. दोघांचं जमेना. तो म्हणाला, गुरुजी, पट्टी सगळ्यांची सारखी असते, बोटं ज्याची त्याची. जो वाजवणार त्याच्या बोटांनी भोकं पाडायची. तुम्ही पट्टी टेबलावर ठेवलीत आणि त्याच्यापुढे हात धरलात. "मोज," म्हणालात. त्याने मोजला. वर्गासमोर, शिक्षकाचा हात.

बदलीच्या वेळी त्याने तारपा केला तो त्या मापाने. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

बाबा, पस्तीस वर्षं आम्ही सगळे त्या भोकांवर बोटं ताणत राहिलो. तुम्ही तो हातात घेतलेला मला एकदाही आठवत नाही. "हे त्यांचं आहे, आपण वाजवू नये," असं तुम्ही म्हणायचात. त्यालाही मी हे सांगितलं. तो बराच वेळ मेण मळत बसला होता, मग म्हणाला, "त्यांचंच आहे, सांगा."

नवा भोपळा त्याने घरच्या वेलाचा दिला. जिभा नव्या, कर्णा नव्या पानांचा. नळ्या जुन्याच. रात्री त्याने नाचाला तो वाजवला, बोटं आखडून, कशीबशी, पण वाजवला. आई, खुळखुळणाऱ्या घोळकाठीचा ठेका धरून बायका कमरेला हात घालून फिरत होत्या, तू फिरायचीस तशाच. तारपकऱ्याकडे कुणीही पाठ करत नव्हतं. तारपकरी वळला की ते सगळं वेटोळं वळायचं. मीही त्यात होते. पाय आपोआप पडत होते, लहानपणी तुझ्या कडेवरून पाहिलेले.

तुमच्या हाताला आता कंप आहे हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, चालेल, भोकं त्यांना ओळखतात.

शनिवारी येते आहे. एसटीच्या गर्दीत कर्णा चेपेल म्हणून शेजारच्यांच्या गाडीतून. आई, तो पुन्हा माळ्यावर ठेवायचा नाही. बाबांच्या खुर्चीजवळच्या खुंटीवरची छत्री तेवढी काढून ठेव.

तुमची,
माई