शनिवारची रेड वाइन चाखणी

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता फिंगर लेक्सच्या रेड ब्लेंड चाखायच्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातला हा थंड टापू. खोल तलावांच्या उबेवरच तिथल्या वेली हिवाळा काढतात. डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी १९६२ मध्ये क्युका तलावाकाठी सुरू केलेली वायनरी आज चौथ्या पिढीकडे आहे, अजूनही घरचीच.

काबर्ने फ्रँक आणि लेम्बर्गर या काळ्या द्राक्षांच्या मिश्रणात चेरी-रासबेरीचा स्वाद पुढे येतो, टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, बेताचं. म्हणून बाटल्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये राहतील. कोमट रेड वाइनचा हट्ट नको. सोबत चीज, कोथिंबीर वडी आणा. झणझणीत रस्सा कृपया नको, तिखटापुढे वाइन नुसती जळजळते.

नावं गुरुवारपर्यंत कळवा. गाडी चालवणाऱ्यांनी घोट थुंकून टाकावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.