कंबर बारीक ठेवायला सांगितलंत, त्याबद्दल

प्रिय ताई,

हे तुम्हाला भेटूनही सांगता आलं असतं. पण जुन्या काळच्या पोशाखातल्या बाहुल्या करणाऱ्या इतरांनाही तुमच्या युक्त्या कळाव्यात, म्हणून उघड पत्रच लिहितेय.

माझी १७७० च्या दशकातली फ्रेंच बाई पूर्ण झाली. पाठीवर गळ्यापासून थेट जमिनीपर्यंत सुटणाऱ्या चौकोनी निऱ्या, दोन्ही बाजूंनी घेर फुगवणारे पॅनिए म्हणजे झग्याखालचे सांगाडे, कोपराशी लेसच्या झालरी. इतकं सगळं अंगावर असून ती जाडजूड दिसत नाही, ही तुमची कृपा.

बाहुली ४० सेंटिमीटरची, म्हणजे माणसाच्या साधारण पाव. कापड कापायच्या बेताची, म्हणजे नमुन्याची मापं पाव करता येतात, कापडाची जाडी नाही. शेमीज म्हणजे आतला सैल झगा, कॉर्सेट, पेटीकोट, वरचा झगा, सगळ्यांच्या शिवणी कमरेवरच येऊन साचतात. माझे कागदी बेत बघून तुम्ही एवढंच म्हणालात, "अंगात कापूस भरतानाच कंबर बारीक ठेव. वरचे थर ती भरून काढतील." आतल्या पेटीकोटच्या चुण्याही कमरेत न घेता खाली, सपाट पट्टीला घ्यायला लावल्यात. माझ्या मते बाहुलीचा पोशाख तिथेच साधतो. रेशीम, लेस, रंग हे सगळं नंतरचं.

दुसरी गोष्ट बाहीची. एवढीशी बाही आधी कापली की हातात घेईपर्यंत कडा उसवायला लागतात. तुम्ही दुहेरी कापडावर पेन्सिलीने आकार आखलात, त्या रेघेवर बारीक टीप घातलीत आणि मगच शिवणीबाहेर तीन मिलिमीटर सोडून कात्री चालवलीत. मुंढ्याच्या वळणावर तर जेमतेम दोन! मी नुसती बघत राहिले होते.

आणि 'तेआत्र द ला मोद' या बाहुल्यांच्या फॅशन-प्रदर्शनाचे फोटो दाखवलेत, त्याचे आभार कसे मानू? १९४५ साली, पॅरिस मुक्त होऊन वर्षही झालेलं नसताना, कापडाची टंचाई असताना, तिथल्या मोठमोठ्या फॅशनघरांनी सुमारे ७० सेंटिमीटरच्या तारेच्या बाहुल्यांना कपडे शिवले. त्यांच्या प्रदर्शनातून युद्धग्रस्तांसाठी निधी उभा राहिला. त्यातल्या अनेक बाहुल्या आज अमेरिकेतल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. वरून न दिसणारी शिवणही किती मन लावून केलेली! फॅशनची मासिकं रुळण्याआधी, अठराव्या शतकात, पॅरिसचा नवा बेत बाहुलीच्या अंगावरूनच परदेशी पोचायचा, हेही तुमच्याकडूनच कळलं. तिच्यावर बघून लोक खरे कपडे शिवून घेत.

तेव्हापासून बाहुलीचा कपडा डिंकाने चिकटवायचा नाही, हे मी पक्कं केलंय. माझ्या बाईचा प्रत्येक कपडा निघतो आणि परत घालता येतो. झग्याची पुढची बाजू त्या काळच्या रीतीप्रमाणे टाचण्यांनीच बंद होते. त्यासाठी तुम्ही तुमच्या डबीतल्या सगळ्यात बारीक टाचण्या काढून दिल्यात. त्या तिच्या अंगावरच आहेत, आता परत मागू नका.

पुढची बाहुली १८८० च्या दशकातली घेतेय. मागचा बसल, म्हणजे कमरेखालचा झग्याचा फुगवटा, उचलून धरायला तार घालावी की ताठ कापडाच्या झालरी, हे तुम्हालाच विचारायचंय. बेत कागदावर काढून झाले की घेऊन येते.

तुमची,
बाहुल्या करणारी