साहेब, त्या साडेचार लाखांत माझीही मुलगी आहे

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा माझ्या मुलीचा अकरावीचं कॉलेज बदलून मिळण्याचा अर्ज नामंजूर झाला. नामंजूर झाला म्हणजे लेखी काही मिळालं नाही. खिडकीतल्या माणसाने अर्ज हातात न घेताच सांगितलं, "सिस्टिम बंद झाली ताई, आता पुढच्या वर्षी बघा." जुलैत याच खिडकीवर याच माणसाने सांगितलं होतं, "आत्ता मिळालंय तिथे घेऊन टाका, प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की बदलून देऊ." मी घेऊन टाकलं. चूक माझीच, मी ते लिहून घ्यायला हवं होतं.

आपण कामात असता याची कल्पना आहे. तरी पाच मिनिटं वाचावं ही विनंती.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. गावापासून पाटण 14 किलोमीटर, कराड 52. मिस्टर वाशीच्या मार्केटला माथाडीत आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. मी घरी ब्लाऊज शिवते. मुलीला दहावीला 86.20 टक्के पडले, तेही क्लासशिवाय. तिला पाटणला सायन्स घ्यायचं होतं. 2024 पर्यंत ही गोष्ट किती सोपी होती म्हणून सांगू? माझ्या जावेच्या मुलाने कॉलेजात जाऊन फॉर्म आणला, भरला, मार्कलिस्टची झेरॉक्स जोडली, फी भरली आणि दुपारच्या एसटीने घरी आला. एका दिवसाचं काम.

2025 साली आपण अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन केली. तोवर ही पद्धत मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत होती. तिथे ती लागत असेल, एका गल्लीत चार कॉलेजं असली की निवड करावी लागते. आमच्या खोऱ्यात निवडीला काय आहे? तरी दहा पसंतीक्रम भरा म्हणे. मी मुलीला विचारलं, "दहा कॉलेजं आणायची कुठून?" ती म्हणाली, "आई, किमान एक चालतं." आता वाटतं, एकच भरलं असतं तर बरं झालं असतं.

21 मेला फॉर्म सुरू होणार म्हणून आम्ही मायलेकी पहिल्या गाडीने पाटणला गेलो. नेटकॅफेवर आमच्यासारखे पंधरा-वीस जण आधीच उभे. मुलीने छातीशी धरलेल्या निळ्या फाईलमध्ये मार्कलिस्ट, दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि आधार. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. स्क्रीनवर पांढऱ्या पानात एक गोल फिरत होता. दुकानातल्या पोराचा वडापाव खाऊन झाला, चहा झाला, गोल फिरतोच आहे. साडेचारला तो म्हणाला, "साइट झोपली. घरी जावा." शेवटी फॉर्म 26 तारखेला सुरू झाले. दोन खेपा आणि दोन दिवस मशिन बंद, एवढ्यात माझे सहाशे रुपये बुडाले. नोंदणीचे शंभर वेगळे. दहा-बारा लाख पोरांचे शंभर-शंभर म्हणजे दहा-बारा कोटी होतात. चुकत असेल तर सांगा, हिशेब मापाच्या वहीत मागच्या पानावर केलाय.

आता मुख्य दुखणं. शाळेत "दहावीनंतर काय?" म्हणून मार्गदर्शन झालं होतं. एक सर आले, प्रोजेक्टर लावला, वटवृक्षाला फांद्या फुटाव्यात तसे करिअरचे बाण दाखवले आणि म्हणाले, "स्वप्नं मोठी ठेवा, पसंतीक्रमात वर मोठं कॉलेज टाका, नाही मिळालं तर खालचं आहेच." नेटकॅफेच्या पोरानेही तेच सांगितलं. म्हणून एक नंबरला कराडचं मोठं कॉलेज आणि दोन नंबरला पाटणचं टाकलं. आम्हाला वाटलं, एवढ्या टक्क्यांना कराड कुठलं मिळतंय.

मिळालं!

नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद, मग सगळ्यांसाठी खुली फेरी येईपर्यंत बसून राहायचं. हा नियम सरांच्या बाणांत नव्हता. असेल तर एवढ्या बारीक अक्षरात असेल की सुईत दोरा ओवणाऱ्या बाईलाही दिसला नाही. आता मी गावात सगळ्यांना एकच सांगते, बाबांनो, ज्या कॉलेजात रोज जाता येईल तेच एक नंबरला टाका, स्वप्नं दोन नंबरपासून खाली. आणि दाखले निकालाची वाट न बघता मार्चमध्येच काढून ठेवा. हा सल्ला मी फुकट देते. वटवृक्षवाल्या सरांना शाळेने नारळ आणि शाल दिली होती.

28 जूनला पहिली यादी लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, सहा लाख बत्तीस हजार मुलांना कॉलेज मिळालं, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त मुलांना पहिल्या पसंतीचं. केवढं यश! साहेब, त्या साडेचार लाखांत माझी मुलगी आहे. आपल्या खात्यात ती जमेच्या बाजूला लिहिलीय. ती सकाळी पाच चाळीसच्या गाडीने जाते आणि दिवेलागणीनंतर परत येते. पावसाळ्यात आमच्याकडे सातलाच गुडुप अंधार होतो. बिबट्या दिसला नाही असा आठवडा जात नाही, म्हणून मी बॅटरी घेऊन स्टॉपवर जाऊन उभी राहते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. पास कधीच चुकत नाही, गाडी चुकते.

तिनेच एकदा गाडीत बसून हिशेब केला. रोजचे 104 किलोमीटर, वर्षाचे 220 दिवस धरले तर दोन वर्षांत पंचेचाळीस हजारांच्या वर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. "आई, बारावीपर्यंत मी पृथ्वीला चक्कर मारून परत पाटणपर्यंत येते बघ." ती हसली, मला काही हसू आलं नाही.

एवढं करून तिथे शिकायला मिळत असतं तरी मी गप्प बसले असते. तिच्या वर्गाच्या पटावर मुलं भरपूर, बाकावर वीस-बावीस. बाकीची कुठे? इंटिग्रेटेडवाली. नाव कॉलेजात आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये. त्यांच्या आईबापांनी लाख-दीड लाख भरलेत म्हणे, ऐकीव आहे, पावती मी पाहिली नाही. सायन्सच्या मुलांची बायोमेट्रिक हजेरी घ्या असा आदेश तुमच्याच सरकारने 2018 साली काढला होता ना? मशिन आहे, भिंतीला आहे, त्यावर धूळ आहे. म्हणजे ज्यांना कॉलेजात यायचंच नाही त्यांनी जागा धरून ठेवायच्या, आणि जिला यायचंय तिने बावन्न किलोमीटरवरून यायचं. आणि राज्यात अकरावीच्या जागा किती, तर एकवीस लाखांवर. लाखांनी रिकाम्या राहिल्या असं तुमचेच अधिकारी सांगतात. त्या पाटणलाही असतील. पण पाटणची रिकामी जागा माझ्या मुलीला नको, कारण सिस्टिम बंद झाली.

पर्याय शोधा, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. शोधले की. पॉलिटेक्निक चांगलं आहे, दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. पण त्याची साइट वेगळी, तारखा वेगळ्या, कागद तपासायचं ठिकाण वेगळं. मूळ दाखला कराडच्या कॉलेजात जमा, तो सोडवायचा तर आधी अकरावीचा प्रवेश रद्द करा, मग तिकडे लागेल की नाही देव जाणे. दोन होड्यांत पाय ठेवू नये म्हणतात, इथे एका होडीतून उतरल्याशिवाय दुसरी दिसतच नाही. आयटीआयचंही बोलून झालं. माझ्या भाच्याने इलेक्ट्रिशियन केलं, आज तो बीएस्सी झालेल्या भावापेक्षा जास्त कमावतो. पण मुलीसाठी आयटीआय म्हटल्यावर आमच्या आत्यांनी जे तोंड वाकडं केलं ते अजून सरळ नाही. तरी मुलगी तयार होती, तोवर तिथल्याही फेऱ्या संपल्या. कोणी म्हणालं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून बारावी. फिजिक्सचं प्रॅक्टिकल मी शिलाई मशिनवर घेऊ का?

आणि घाई तरी कसली होती? परीक्षा दहा दिवस आधी घेतली, निकाल 13 मेला लावला, म्हणाले यंदा वर्ग लवकर सुरू होतील. वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. जूनमध्ये कोरी वह्या-पुस्तकं घेऊन बसलेली मुलं ऑगस्टपर्यंत मोबाइल बघत बसली, मग मुलं बिघडली म्हणून आम्हालाच बोल. बारावीच्या परीक्षेची तारीख मात्र पुढे सरकणार नाही, ती दगडावरची रेघ.

माझं मागणं फार नाही. पहिल्या पसंतीच्या सक्तीची सूचना फॉर्मवर ठळक मराठीत छापा, पसंतीक्रम भरायच्या पानावर, वरतीच. फेऱ्या संपल्यावर जागा रिकामी असेल तर जवळच्या कॉलेजात बदली द्या आणि ती देण्याचा अधिकार तालुक्यात ठेवा. एका सहीसाठी मला पुण्याला पाठवू नका. आणि एकदा, न सांगता, कुठल्याही कॉलेजात सायन्सच्या वर्गात सकाळी अकराला जाऊन बाकं मोजा.

आपली,
एक पालक, ता. पाटण, जि. सातारा

ता. क. – उत्तर पाठवणार असाल तर पत्राने पाठवा. घराच्या पडवीत रेंज नाही. फोन करायचाच झाला तर संध्याकाळी सातनंतर करा, तेव्हा मी स्टॉपवर असते, तिथे दोन काड्या येतात.