प्लेगने विश्वास उडाला, तो कोणावरचा?

संपादक महोदय,

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधले ठरलेले वाक्य आपल्या पुरवणीतल्या लेखातही आले: १३४७ ते १३५१ च्या प्लेगने युरोपचा धर्मावरचा विश्वास उडाला. खरे तर तुटवडा पडला तो पाद्र्यांचा. मरणाऱ्याच्या पापांचा कबुलीजबाब ऐकायला खाटेजवळ जावे लागे, त्यामुळे नेकीने गेलेले मेले आणि पळालेले बदनाम झाले. जानेवारी १३४९ मध्ये इंग्लंडात बाथ-वेल्सच्या बिशपने कळवून टाकले, की पाद्री नसेल तर साध्या माणसापुढे, तोही नसेल तर बाईपुढे पापे कबूल करा. मृतांसाठी प्रार्थना म्हणवून घ्यायला मात्र पैसा इतका वाहू लागला, की १३५० मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपला पाद्र्यांच्या मानधनावर मर्यादा घालावी लागली. विश्वास उडालेल्या मुलखात असे होत नाही.

त्या प्लेगच्या काळात प्रायश्चित्त म्हणून स्वतःच्या अंगावर चाबूक ओढत युरोपात गावोगाव फिरणाऱ्या टोळ्यांबद्दल वाचताना मराठवाड्यातल्या वाचकाला पोतराज आठवणारच. पण पोतराजाचा नवस जन्माचा. यांचा साडेतेहतीस दिवसांचा, येशूच्या आयुष्यातल्या एका वर्षाला एक दिवस. रोज दोनदा चौकात, एकदा रात्री एकांतात फटके. चाबकाच्या चामडी पट्ट्यांच्या गाठींत लोखंडी काटे. आंघोळ नाही, बायकांशी बोलणे नाही, खाण्याचा खर्च पदरचा. पोप क्लेमेंट सहावा याला खुपले ते वेगळेच: टोळीचे नायक पाद्र्याला वगळून पापमुक्ती देऊ लागले होते. ऑक्टोबर १३४९ मध्ये त्याने बंदी घातली.

ऱ्हाइनकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरातल्या ज्यूंची हत्या लेखात 'साथीने पिसाळलेल्या जमावा'च्या माथी मारली आहे. ती दुरुस्त व्हावी. १४ फेब्रुवारी १३४९ ला ज्यूंना जाळले, तेव्हा प्लेग त्या शहरात पोहोचलाही नव्हता. ज्यूंनी विहिरीत विष कालवून साथ आणली, या आरोपाचा 'पुरावा' म्हणजे आल्प्समधल्या साव्हॉय संस्थानात छळ करून वदवून घेतलेले जबाब. ज्यूही मरताहेत आणि ज्यू नाहीत तिथेही साथ आहे, हे पोपने १३४८ मध्येच बजावले होते. ज्यूंना पाठीशी घालणारी नगरसभा कारागीर संघांनी आधी उलथवली. चार-पाच दिवसांत नव्या सभेच्या कारकिर्दीत ही जाळपोळ झाली. मग ज्यूंकडून घेतलेली कर्जे रद्द झाली, गहाण वस्तू परत मिळाल्या आणि उरलेली रोकड कारागिरांत वाटली गेली.

– इतिहासाचा एक अभ्यासक, अंबाजोगाई