गेन फुल ठेवला आणि जांभळाचं पाणी रेकॉर्ड झालं

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली रात्री वटवाघळांचे, बेडकांचे आवाज टिपायला झाडाला बांधायचे छोटे फील्ड रेकॉर्डर बऱ्याच हौशी लोकांकडे दिसतात पण सेटिंगचं कोणी धड सांगत नाही, म्हणून लिहितोय. मी बोरिवलीत नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो, पार्कात लावायचा तर वनखात्याची परवानगी हवी, म्हणून सोसायटीमागच्या जांभळाला बांधला. काही सुटायला नको म्हणून गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) फुल, ट्रिगर (किती मोठ्या आवाजाला रेकॉर्डिंग आपोआप सुरू व्हावं ती पातळी) एकदम खाली. संध्याकाळी ७ ला चालू केला आणि पहाटे पावणेचारच्या आत १६ जीबीचं कार्ड फुल! आत काय, तर पानांवरून डब्यावर टपटपणारं पाणी.

छोट्या वटवाघळांचा आवाज आपल्या कानाच्या पलीकडचा, ४०-५० किलोहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा) त्याच्या दुपटीच्या वर लागतो. मी २५६ किलोहर्ट्झ ठेवतो, त्यात सेकंदाला अर्धा एमबी जातो म्हणून तर ट्रिगर हवा. त्याआधी हाय-पास फिल्टर (खालच्या पट्टीतले आवाज गाळणारा) लावला की ट्रेन, रिक्षा, माणसांची बडबड ट्रिगरपर्यंत पोचतच नाही. पावसाच्या थेंबाचं मात्र तसं नाही, डब्यावर पडला की त्याचा टक् वरच्या पट्टीपर्यंत जातो, फिल्टरला जुमानत नाही. शेवटी रेकॉर्डर फांदीखालून काढून उघड्यावरच्या खांबाला बांधला, माइक खाली तोंड करून, गेन मीडियम, आणि अंधार पडल्यावर १० मिनिटं टेस्ट करून बघितलं, वटवाघूळ डोक्यावरून गेलं की फाइल बनते का, नुसत्या रातकिड्यांवर बनते का, तसा ट्रिगर वर-खाली केला. गेन कमी पडला तर नंतर थोडाफार वाढवता येतो, पण आवाज एकदा फाटला की गेला. बेडकांसाठी तर मी ट्रिगर लावतच नाही, ते एकदा सुरू झाले की थांबतायत कुठे, दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं घेतली की झालं. आणि मोठी, फळं खाणारी वटवाघळं यात शोधू नका, ती डोळ्यांवर नि वासावर चालतात, त्यांची भांडणं साध्या कानांनाच ऐकू येतात.

आमच्या मजल्यावरचे एक काका म्हणतात गणपतीत डीजेचं डेसिबल यात मोजून तक्रार कर. काका, याचा आकडा गेन फिरवला की बदलतो, त्यासाठी वेगळं मीटर लागतं, सांगून थकलो.

- एक वाचक, बोरिवली पूर्व