‘उतरेल सकाळपर्यंत’ : प्यायलेल्या रुग्णाजवळ थांबणारी माणसं हवीत

सांगली-मिरज परिसरातील नागरिक, द्राक्षबागायतदार, रिक्षाचालक, मेडिकल दुकानदार आणि छपाई व्यावसायिक यांना विनंती,

दारू प्यायलेला माणूस रात्री दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आणला जातो तेव्हा त्याच्याबद्दल बहुतेक वेळा एकच शब्द सांगितला जातो : ‘प्यायलाय’. आणणारा निघून जातो. दारूच्या वासाआड दुसरा आजार असेल तर तो शोधायला डॉक्टरांच्या हाती काहीच माहिती नसते. म्हणून आमचं मंडळ यंदा छाटणीच्या हंगामापासून कॅज्युअल्टीत रात्रीचे मदतनीस नेमत आहे. त्यासाठी माणसं, थोडं सामान आणि थोडा पैसा हवा आहे.

उपाशीपोटी प्यायलेल्याची साखर उतरते, कारण लिव्हर दारूच्या मागे लागलेलं असतं आणि नवी साखर तयार करत नाही. साखर ७० च्या बरीच खाली गेलेला माणूस अडखळतो, घामाघूम होतो, अंगावर धावून येतो. नशेतला माणूसही असाच वागतो. बोटाला एक टोचणी आणि एक स्ट्रिप, काही सेकंदांत उलगडा होतो. गाडीवरून पडलेल्याचं याहून वाईट. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत जातं, रात्री चालत घरी आलेला माणूस पहाटे उठत नाही, आणि त्याचं घोरणं घरच्यांना गाढ झोप वाटलेलं असतं. पुन्हा पुन्हा उलटी, एका डोळ्याची बाहुली मोठी, खांदा जोरात दाबूनही डोळे न उघडणं, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा. उताणा ठेवलेल्याची उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, कॉफी तोंडात ओतू नका.

श्रावणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रोज पिणारे कितीतरी जण श्रावण पाळायचा म्हणून किंवा माळ घातली म्हणून एका दिवसात बंद करतात. इच्छा चांगली, पण अनेक वर्षांच्या सवयीच्या शरीराला हे अचानक बंद करणं झेपत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस अंथरुणातून काहीतरी वेचत बसतो, ताप चढतो. ‘अंगात आलंय’ म्हणून देवऋषीकडे नेण्यात जे दोन दिवस जातात त्यातच जीव जातो. हा आजार औषधाने आटोक्यात येतो, मात्र दवाखान्यातच. दारू सोडायची ठरली की आधी डॉक्टरांना भेटा. फोनवर सल्ला हवा असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेली-मानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) मोफत क्रमांक आहे.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या बागायतदारांना वेगळी विनंती. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटण्यासाठी काडीला जी पेस्ट लावतात त्यातलं हायड्रोजन सायनामाईड शरीरात दारू पचण्याची वाट मध्येच अडवतं. मग अर्ध्या क्वार्टरलाही चेहरा आणि छाती लालबुंद होते, धडधड वाढते, उलट्या होतात, बीपी कोसळतो. गावात मात्र ‘दारूच खराब होती’ असं ठरून विषय संपतो. पेस्टच्या आदल्या दिवसापासून ते नंतर आठवडाभर दारू नको, हे मजुरांना काम सुरू होण्याआधी सांगा, रबरी हातमोजे द्या, आणि कुणाला त्रास झालाच तर डब्यावरचं लेबल रुग्णासोबत पाठवा.

आता मागणी. पहिली, माहितीची चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, पाच प्रश्नांची : शेवटचा घोट किती वाजता? रोज पितो का, किती? पडला का, डोकं कुठे आपटलं? पोटात आणखी काय गेलंय, झोपेच्या गोळ्या, साखरेचं औषध, फवारणीचं औषध? शेवटचं जेवण कधी? रोज पिणारा, जेवण सुटलेला, एवढं कळलं तरी डॉक्टर ग्लुकोजच्या जोडीला बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन विसरत नाहीत. अशा ५,००० चिठ्ठ्या कुणी छापून देईल का? रिक्षा स्टँड, दूध संकलन केंद्रं, सोसायट्या इथं आम्ही ठेवू.

दुसरी, वस्तू : एकाच कंपनीचे चार ग्लुकोमीटर आणि त्याच मीटरच्या स्ट्रिप (दुसऱ्या मीटरच्या चालत नाहीत), मुदत किमान सहा महिने शिल्लक, डबा न फोडलेला. झाकण उघडं राहिलं की हवेतल्या ओलाव्याने स्ट्रिप चुकीचा आकडा दाखवते, म्हणून अर्धवट वापरलेले डबे नकोत. मोठ्यांचे डायपर, सुती चादरी, नव्या लुंग्या चालतील. घरात उरलेली औषधं आणू नका, झोपेच्या गोळ्या तर मुळीच नकोत. दारूवर त्या पडल्या की श्वास थांबू शकतो.

तिसरी आणि खरी गरज, माणसं. रात्री ८ ते २, रोज दोघं, आठवड्यातून एक रात्र. म्हणजे किमान १४ जण, त्यात काही महिला हव्यात, कारण सोबत आलेली बायको किंवा आई आपल्या बाईमाणसाशी मोकळं बोलते. काम एवढंच : चिठ्ठी भरणं, कुशीवर ठेवलेला रुग्ण उताणा होऊ न देणं, घरच्यांना फोन लावणं. ‘सलाईन लावा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागायचं नाही, फोटो काढायचा नाही, रुग्णाला उपदेश करायचा नाही.

रिक्षाचालक बंधूंनो, अपघातातल्या माणसाला उचलून आणलंत तर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ त्यासाठीच घातलं आहे.

देणगी चेकने किंवा मंडळाच्या खात्यावर द्यावी, पावती जरूर घ्यावी. सामान मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ मध्ये स्वीकारू. मदतनिसांचं एक दिवसाचं प्रशिक्षण घटस्थापनेआधीच्या रविवारी सकाळी १० वाजता कार्यालयातच होईल. येताना वही-पेन आणावं आणि आपल्याला जमेल तो वार ठरवून यावं.